सहा किलोंची पेटी आणि आगाऊ भरलेले तीन महिने

घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. भाजी जास्त घेतली तर सडते, थोडी घेतली तर भाव चढा लागतो. अर्धा कोबी द्या म्हटलं तर विकणारा तोंडाकडे बघतो. अशा छोट्या घरांनाच गाठणारी एक योजना गेल्या वर्षी माझ्यापर्यंत आली आणि तीत माझे पैसे बुडाले. तशाच योजना अजून फिरताहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

दर आठवड्याला सहा किलो ताजी भाजी-फळं घरपोच, बाजारापेक्षा ३० टक्के स्वस्त, फक्त तीन महिन्यांचे पैसे आधी भरायचे. सहा किलोच का, याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते, म्हणजे दोघांचे आठवड्याला ५ किलो ६०० ग्रॅम झाले. हा आकडा खरा आहे. मी तो शोधून पाहिला आणि तेवढ्यावरच माझा विश्वास बसला. त्याच शिफारशीतलं पुढचं वाक्य मात्र मी वाचलं नाही: या ४०० ग्रॅममध्ये बटाटे, रताळी अशी पिष्टमय कंदमुळं धरत नाहीत.

पहिल्या दोन पेट्या सुंदर आल्या. मी इतकी खूश झाले की शेजारच्या काकूंनाही पैसे भरायला लावले. माझ्या पैशांपेक्षा त्याचं दुःख मला जास्त आहे.

तिसऱ्या पेटीपासून वरच्या थरात टवटवीत माल आणि खाली बटाटे असं सुरू झालं. आई म्हणाली, "अगं, ही पेटी उचलायला हलकी लागतेय." मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर एकेक वस्तू तोलली. भरली ४ किलो ७०० ग्रॅम, त्यात १ किलो ८०० ग्रॅम बटाटे. आपलाच काटा बिघडला असेल असं वाटलं, म्हणून रिकामं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणला आणि एक लिटर पाणी मोजून ओतलं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो असतं. काट्यानं तेवढंच दाखवलं. पालेभाजी तर निथळत होती. कापडावर पसरून तासाभरानं पुन्हा तोलली, तेव्हा आणखी १२० ग्रॅम उतरले. म्हणजे तेवढ्या पाण्याचेही मी भाजीच्या भावानं पैसे दिले होते.

फोन केला. "ताई, वजन पेटीसकट असतं," असं उत्तर मिळालं. ही अट कुठेही लिहिलेली नव्हती.

माल टिकतही नव्हता. सफरचंदं आणि ओली पालेभाजी एकाच बंद पिशवीत येत. सफरचंद, केळं, पिकलेला टोमॅटो यांच्यातून इथिलीन वायू सुटतो आणि त्यानं पानं लवकर पिवळी पडतात. त्यात ओल असली की कुजायला वेळ लागत नाही. बटाट्यांपैकी काही हिरवे असायचे. ते बरेच दिवस उजेडात राहिलेले असतात, आणि अशा बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढलेलं असू शकतं. ते मी टाकूनच देत होते. सगळं मिळून आठवड्याला साधारण १ किलो २०० ग्रॅम केराच्या डब्यात जात होतं.

मग हिशेब मांडला. बाजारात किलोला १०० पडतात असं धरलं, तर सहा किलोंच्या पेटीचे मी ४२० भरले. त्यातलं प्रत्यक्षात खाल्लं गेलं साडेतीन किलो. खाल्लेला किलो मला १२० ला पडला! स्वस्त भाजी म्हणून मी बाजारापेक्षा महाग भाजी घेत होते.

तक्रारीची वाटही त्यांनी नीट बंद केली होती. पेटी पोचल्यापासून दोन तासांत फोटो पाठवायचा आणि पेटी यायची भर दुपारी, मी कामावर असताना. भरपाई म्हणून गुण मिळत, पण ते पुढचे तीन महिने भरले तरच वापरता येत. मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये फक्त चालकालाच लिहिता येत होतं, त्यामुळे आपल्या एकटीचीच पेटी खराब येते असं प्रत्येकीला वाटत राहिलं. शेवटी सदस्यांच्या यादीतून मी तिघींना वेगळा संदेश पाठवला. तिघींच्याही पेट्या तशाच होत्या.

सातव्या आठवड्यात पेटी आली नाही. फोन बंद. मी वाट बघण्यात अकरा दिवस घालवले आणि मग बँकेत गेले. कार्डानं पैसे दिले असते तर निदान व्यवहारावर हरकत घेता आली असती. मी ते एका व्यक्तीच्या खात्यावर थेट पाठवले होते. पावती नाही, पत्ता नाही. पोलिसांत तक्रार दिली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

आता मी आठवड्यातून दोनदा, लागेल तेवढंच आणते, तेही रोजचा माल लवकर संपवणाऱ्या विक्रेत्याकडून. जुडी घेताना आधी पाणी झटकून मग तोलायला लावते. कोबी, भोपळा काकूंबरोबर अर्धा अर्धा वाटून घेते. काकूंनी मला एका शब्दानंही दुखावलं नाही.

गेल्या आठवड्यात दुसऱ्याच नावाची एक जाहिरात दिसली. फोटो तोच, वेताच्या टोपलीतली भाजी, उजव्या कडेची एक वेत सुटून वर आलेली. या वेळी पैसे वर्षभराचे आगाऊ मागितले आहेत. तिच्याखाली मी माझा अनुभव लिहिला, तासाभरात तो काढून टाकला गेला. ती टोपली तुमच्याकडे आली तर पैसे भरू नका आणि ज्यांनी भरले असतील त्यांना आजच बँकेत पाठवा.