कंबरेखालच्या केसांचे राठ शेंडे: खोबरेल आणि लीव्ह-इन कंडिशनर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, मग तपशील. माझे केस कंबरेच्या खाली जातात. मध्यम जाडीचे, किंचित लहरी, कधीही न रंगवलेले. मुळाशी दोन दिवसांत तेलकट होतात आणि शेवटची वीत-दीड वीत लांबी मात्र कायम राठ. त्या तेवढ्या भागासाठी मी बऱ्याच महिन्यांपासून दोन गोष्टी नेमाने करते आहे: धुण्याआधी शेंड्यांना खोबरेल आणि धुतल्यावर निथळत्या शेंड्यांना क्रीमसारखं लीव्ह-इन कंडिशनर, म्हणजे लावल्यावर धुवून न टाकता केसांत तसंच ठेवायचं कंडिशनर. या जोडीने खरंच फरक पडला. वेणी सोडून बोटं फिरवली की ती खालपर्यंत न अडकता जातात, आणि विंचरताना तुटलेल्या बारीक तुकड्यांचा जो सडा पडायचा तो जवळजवळ थांबला. ग्लिसरीनचा स्प्रे आणि नुसतं सीरमही भरपूर वापरून पाहिलं, पण त्यांनी एवढं काम केलं नाही. का केलं नाही हे समजलं तर पुढची बाटली निवडणं सोपं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, वर्षाला 15 सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे 75 सेंटिमीटर लांब केसाचा शेंडा जवळपास 5 वर्षांचा असतो. एवढ्या काळातली सगळी धुणी, ऊन, कंगवा, उशी त्याने सोसलेली असते. केसाच्या बाहेरच्या आवरणात, क्यूटिकलमध्ये, पातळ खवल्यांचे 5 ते 10 थर कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात. मुळाजवळ ते शाबूत असतात, शेंड्याकडे येईपर्यंत झिजत जातात, आणि फार झिजले की आतला गाभाच उघडा पडतो. त्या खवल्यांच्या पृष्ठभागाला एका मेदाम्लाचा अतिशय पातळ थर मुळातच चिकटलेला असतो. त्याला 18-एमईए म्हणतात. नवा केस पाणी झटकतो आणि हाताला गुळगुळीत लागतो तो या थरामुळे. शेंड्यावरचा हा थर एकदा गेला की केस तो नव्याने बनवू शकत नाही, कारण टाळूच्या वर आलेला केस जिवंत नसतो. टाळूचं तेल एवढ्या लांबपर्यंत उतरत नाही, लहरी केसांत तर नाहीच नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. राठ शेंड्यांना पाण्याची कमतरता आहे असं समजून आपण त्यांच्यावर पाणी मारत राहतो. प्रत्यक्षात झिजलेला शेंडा पाणी चटकन पितो आणि तितक्याच चटकन सोडून देतो. पूर्ण भिजलेल्या केसाची जाडी 15 टक्क्यांच्या आसपास वाढते आणि वाळला की पुन्हा आकसते. हे फुगणं-आकसणं वारंवार झालं की आधीच सैल झालेले खवले आणखी सुटतात. आपल्या बोटांना जो कोरडेपणा जाणवतो, त्यातला मोठा भाग या सुटलेल्या खवल्यांच्या एकमेकांवर घासण्याचा असतो. म्हणून शेंड्यांसाठी दोन कामं करायची: पाण्याने होणारं फुगणं कमी करायचं आणि गेलेला गुळगुळीतपणा वरून पुरवायचा. खोबरेल पहिलं काम करतं, कंडिशनर दुसरं.

खोबरेलाबद्दल मी आग्रहाने लिहीन. 2003 मध्ये ‘जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स’मध्ये रेले आणि मोहिले यांचा अभ्यास आला होता. त्यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल अशी तिन्ही तेलं केसांवर तपासली. तिघांपैकी फक्त खोबरेलाने केसांतून होणारी प्रथिनांची गळती ठळकपणे कमी केली, तेल धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचे रेणू लहान आणि सरळ साखळीचे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. आत तेल असलं की पाण्याला जागा कमी मिळते. बाकीची तेलं बहुतांशी वर बसतात. तीही उपयोगी आहेत, पण त्यांचं काम वेगळं.

मी रात्री कोरड्या केसांच्या फक्त शेवटच्या भागाला तेल लावते, शेंडे चमकतील पण निथळणार नाहीत एवढंच. सैल वेणी घालून झोपते, सकाळी केस धुते. शांपू फक्त टाळूला. खाली ओघळणारा फेस शेंड्यांना पुरतो. शेंडे मुठीत धरून चोळायचे नाहीत. रात्रभर जमलं नाही तर दोन-तीन तास आधी लावलं तरी फरक कळतो. धुण्याच्या दहा मिनिटं आधी लावून मला काही विशेष जाणवलं नाही.

लीव्ह-इन घेताना मी बाटलीच्या पुढच्या बाजूचा मजकूर सोडून मागची घटकांची यादी वाचते. माझ्या क्रीममध्ये पाण्यानंतर सिटिअरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड हा कंडिशनिंग घटक आणि थोडं पुढे अमोडायमेथिकोन हे सिलिकोन आहे. पहिल्या नावातल्या अल्कोहोलने घाबरू नये. हा मेणासारखा स्निग्ध पदार्थ आहे, केस कोरडे करणारा नाही. बाकी दोघांवर धन विद्युतभार असतो. केस जेवढा झिजलेला तेवढा त्याच्यावर ऋण भार जास्त, त्यामुळे हे पदार्थ नेमके शेंड्यांनाच जास्त चिकटतात. ज्या लीव्ह-इनमध्ये असा एकही घटक नव्हता, नुसती तेलं आणि वनस्पतींचे अर्क होते, त्याने शेंडे तासाभरापुरते मऊ झाले आणि वाळल्यावर होते तसे.

लावण्याची वेळ मला क्रीमइतकीच महत्त्वाची वाटते. केसांना टॉवेल गुंडाळण्याआधी, पाणी टपकत असतानाच लावायचं. मी केस पुढे घेते, दोन भाग करते, बोटाच्या एका पेरावर मावेल एवढं क्रीम प्रत्येक भागाला घेते आणि तळव्यांमध्ये धरून वरून खाली दाबत नेते. पहिल्यांदा शेंड्यांपाशी हात अडखळतो, खरखर जाणवते. चार-पाच वेळा हात फिरला की ती खरखर जाते आणि सुटे सुटे शेंडे एकत्र येऊन त्यांच्या बटा होतात. बटा झाल्या की थांबायचं. त्यानंतर मोठ्या दातांचा कंगवा, आधी शेंडे, मग हळूहळू वर. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो, पण क्रीम लावलेलं असलं की कंगवा ओढावा लागत नाही. हेच क्रीम अर्धवट वाळलेल्या केसांना लावलं की काही भागात चिकट थर बसतो आणि काही भाग तसाच कोरडा राहतो.

तक्रारीही आहेत. महिना-दीड महिना सलग वापरलं की शेंडे जड आणि मेणचट होतात, बटा नीट पडत नाहीत. तेव्हा एखाद्या धुण्याला शांपू शेंड्यांपर्यंत हलक्या हाताने न्यावा लागतो. थर निघतो आणि क्रीम पुन्हा पहिल्यासारखं चालतं. सुगंध मला फार उग्र वाटतो. पातळ, सरळ केसांना हे क्रीम चपटं करेल असं माझं मत आहे. त्यांनी पातळ लोशन घ्यावं. याच क्रीमचा हायड्रोलाइज्ड केराटिनवाला (केसातल्या प्रथिनाचे बारीक तुकडे घातलेला) प्रकारही वापरून पाहिला. माझे शेंडे त्याने ताठर झाले, म्हणून साध्याकडेच परत आले.

ग्लिसरीनचा स्प्रे हवेवर अवलंबून असतो. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं. दमट दिवसांत माझे शेंडे फुलून चिकट झाले, आणि हवा अगदी कोरडी असताना काहीच घडलं नाही. सीरमबद्दल मत बरं आहे. त्यात दोन सिलिकोन असतात: सायक्लोपेंटासिलोक्सेन उडून जातं आणि डायमेथिकोनचा थर मागे राहतो. वाळलेल्या शेंड्यांवर एक-दोन थेंब लावले की दिवसभर गुंता कमी होतो. पण ते सगळ्यात शेवटी, क्रीमच्या जागी नाही.

फाटे फुटलेला केस यातल्या कशानेही सांधला जात नाही, बाटलीवर काहीही लिहिलेलं असो. खिडकीच्या उजेडात बट धरून पाहिलं तर काही केसांवर शेंड्याच्या थोडं वर पांढरा ठिपका दिसतो. तिथे खवले निघून आतले तंतू विस्कटलेले असतात आणि केस बहुतेक तिथेच तुटतो. असे केस मी ठिपक्याच्या वर, केस कापायच्या धारदार कात्रीने एकेक करून कापते. घरातली बोथट कात्री केस चिरडते आणि नवा फाटा तिथूनच सुरू होतो. लांबी वाचवायची असेल तर हे कंटाळवाणं काम करावंच लागतं.

घासणं कमी केल्याशिवाय वरचं सगळं अर्धंच काम करतं. वेणीच्या रबराखाली जो झुपका लोंबतो तो दिवसभर पाठीवर आणि खुर्चीवर घासतो. मी तो दुमडून रबरातच अडकवते किंवा सरळ आंबाडा घालते. उशीला सॅटिनचा अभ्रा आहे. ड्रायर शेंड्यांवर अजिबात नाही.

ब्लीच केलेल्या केसांवर 18-एमईएचा थर बराचसा निघून गेलेला असतो, त्यामुळे त्यांना अमोडायमेथिकोनवालं क्रीम प्रत्येक धुण्याला लागेल असं मला वाटतं. न रंगवलेले, खांद्यापर्यंतचे केस असतील तर साधं धुवून टाकायचं कंडिशनर आणि अधूनमधून खोबरेल एवढंही पुरेल. लीव्ह-इनवर खर्च करू नये. माझ्याएवढी लांबी असेल तर मात्र घ्याच. मी स्वतः दुसरी बाटली घेतली आहे, फक्त या वेळी बिनसुगंधी.