तीन वाटांची अगारोज चिप : दोन सत्रं वापरल्यानंतर

कोल्हापुरात वनस्पतीशास्त्र शिकवायचं म्हणजे शैवाल दाखवायला फार लांब जावं लागत नाही, रंकाळा आहेच. सांडपाणी मिसळतं तिथे पाणी जास्त हिरवं का, हे एमएस्सीची मुलं दर वर्षी विचारतात. खाद्य जास्त म्हणून वाढ जास्त, हे मी सांगते. गेल्या वर्षी एकीने पुढचा प्रश्न टाकला, "मॅडम, पण ते स्वतःहून तिकडे पोहत जातं का?" रंकाळ्यावर साय धरणाऱ्या निळ्या-हिरव्या जातींना कशाभिका (पोहायला लागणारे शेपटीसारखे धागे) नसतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हा प्रश्नच येत नाही. पण क्लॅमिडोमोनास हे एकपेशीय हिरवं शैवाल पोहतं, आणि चांगलं पोहतं. त्यासाठी ही चिप, म्हणजे पेशींचं पोहणं सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं छोटं साधन, घेतली.

रचना साधी आहे. सिलिकॉनच्या (रबरी नव्हे, कडक) साच्यावर ३ टक्के अगारोज, म्हणजे जेलीसारखं गोठणारं द्रव्य, ओतायचं आणि गोठलं की अलगद सोलायचं. त्यात तीन समांतर वाटा उमटतात, प्रत्येकी ४०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, मधल्या भिंती २५० मायक्रॉनच्या. हा तुकडा काचपट्टीवर ठेवून वरून अ‍ॅक्रिलिकच्या झाकणाने स्क्रू आवळायचे. एका कडेच्या वाटेतून शैवालाला नायट्रोजन पुरवणारं अमोनियम क्लोराइडचं द्रावण वाहतं, दुसऱ्या कडेच्या वाटेतून नायट्रोजन नसलेलं माध्यम, म्हणजे पेशी वाढवायचं द्रावण. मधल्या वाटेत पेशी. अगारोजमधून अमोनियम झिरपतं, पेशी मात्र पलीकडे जाऊ शकत नाहीत. दहा-पंधरा मिनिटांत मधल्या वाटेत एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे अमोनियम एकसारखं उतरत जातं, आणि कडेचा प्रवाह चालू आहे तोवर तो उतार टिकतो.

या चिपचा खरा गुण इथेच आहे. विल्हेल्म फेफरने १८८४मध्ये बारीक केशनलिकेत द्रव्य भरून पेशी तिकडे जमतात का ते पाहिलं होतं. ती पद्धत आम्ही अजून प्रात्यक्षिकाला करतो. पण नलिकेतलं द्रव्य पसरत जातं आणि उतार दर मिनिटाला बदलतो. दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहणाऱ्या चिपमध्ये पेशीच वाहून जातात. इथे मधलं पाणी स्तब्ध. जेमतेम १० मायक्रॉनची पेशी सेकंदाला १०० मायक्रॉनच्या आसपास पोहते, म्हणजे चार-पाच सेकंदांत वाट आरपार. तिचं वळणं, थबकणं, पुन्हा सूर धरणं १० पटीच्या भिंगाखाली स्पष्ट दिसतं. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी आमचं जेवणाच्या सुट्टीकडेही लक्ष नव्हतं.

आता त्रास. पहिल्या साच्यातली एक वाट टोकाकडे उथळ निघाली. ज्यांच्याकडून तो घेतला त्यांनी बदलून दिला, पण तीन महिने घेतले, आणि प्रत्येक फोनला उत्तर "या आठवड्यात". प्रकल्पाचं एक सत्र त्यात गेलं, याचा मला अजून राग आहे. साचा हातात आल्या आल्या कडेच्या वाटांत खायचा लाल आणि निळा रंग सोडून बघा. भिंत फुटली असेल किंवा स्क्रू वाकडे आवळले गेले असतील तर रंग एका क्षणात मधल्या वाटेत शिरतो. माध्यम फ्रिजमधून काढून थेट वापरू नका. ते खोलीत तापलं की बुडबुडे सुटतात, आणि एक बुडबुडा अडकला की त्या दिवसाचं काम संपलं. एप्रिलमध्ये अगारोज कडेने वाळून आक्रसतं. आम्ही ओला टिश्यू ठेवलेल्या डब्यातच चिप ठेवतो.

सिरिंज पंप आमच्या विभागाला परवडला नाही. सलाइनच्या दोन बाटल्या एकाच उंचीला टांगून काम भागलं, फक्त पातळी सारखी राहील हे सतत पाहावं लागतं.

सगळ्यात मोठा धडा उजेडाचा. दोन्ही बाजूंना एकच माध्यम सोडलं, तरी पेशी एका काठाला गोळा झाल्या. तो काठ खिडकीकडचा होता! या पेशीला नेत्रबिंदू असतो, निळ्या-हिरव्या उजेडाला ती चटकन वळते. खिडकीला काळा कागद, दिव्यावर लाल जिलेटीन, मग कुठे काठ रिकामा झाला. क्लोराइडचा परिणाम वेगळा काढायला पोटॅशियम क्लोराइडची फेरीही घ्याच. आमच्याकडे त्या फेरीत पेशी सगळीकडे सारख्या पसरलेल्या राहिल्या. अमोनियम सोडलं तेव्हा मात्र त्या बाजूच्या पट्टीतली गर्दी डोळ्यांनाच कळत होती. मोजणी इमेज-जे या सॉफ्टवेअरमध्ये केली, ते फुकट मिळतं.

नायट्रोजन तोडून उजेडात ठेवलेल्या पेशींची युग्मकं (जननपेशी) झाली की ती अमोनियमकडे जात नाहीत, हे जुनं निरीक्षण आहे. तेही याच चिपमध्ये दिसलं. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिनेच ती फेरी तीनदा केली.

पेशींचा माग काढायचा असेल तर घ्या. नुसतं वर्गात दाखवायचं असेल तर केशनलिका पुरते. सिलिकॉनचा साचा ठिसूळ असतो, आमच्याकडे तो फक्त दोघींच्याच हातात असतो. पुढच्या सत्रात अमोनियमच्या जागी रंकाळ्याचं गाळलेलं पाणी सोडणार आहोत.