दहा रुपयांत फाइल : पुण्यातल्या माहिती अधिकार सेवेचं परीक्षण

किंमत १० रुपये, मुदत ३० दिवस, माल खराब निघाला तर दोन अपिलं. गिऱ्हाइकाला इतकं झुकतं माप पुण्यातलं एकही दुकान देत नाही. पण पुण्यात जमा होणाऱ्या अर्जांपैकी कितीतरी अर्ज पहिल्याच पानावर फसतात. दोष दरवेळी अधिकाऱ्याचा नसतो. दुकानात जाऊन माल न मागता भांडण मागितलं, तर भांडणच मिळतं.

‘आमच्या गल्लीतला रस्ता सहा महिन्यांत का उखडला? जबाबदार कोण? कारवाई कधी करणार?’ हा अर्ज नाही, ही तक्रार आहे. त्याला ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते टिकतं. कारण माहिती अधिकार कायद्याने मिळते ती कार्यालयात कागदावर किंवा संगणकात असलेली माहिती. अधिकाऱ्याने नवी माहिती तयार करून द्यावी किंवा अर्थ लावून सांगावा असं बंधन त्याच्यावर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तेव्हा ‘का’ हा शब्द अर्जातून काढायचा आणि त्याच्या जागी कागदाचं नाव घालायचं.

रस्त्याच्या कामाचे कागद ठरलेले असतात : पूर्वगणनपत्रक म्हणजे एस्टिमेट, निविदेतलं बीओक्यू म्हणजे कामाच्या बाबी, मापं आणि दरांची यादी, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तक ज्याला सगळे एमबी म्हणतात, आरए म्हणजे टप्प्याटप्प्याने निघणारी बिलं, डांबराची चलनं, चाचणी अहवाल आणि दोषदायित्व कालावधीची, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायच्या मुदतीची अट. यातलं सोनं एमबीत असतं. तिथे लांबी, रुंदी, जाडी ओळीने लिहिलेली असते आणि बिल त्यावरच निघतं. समजा ३०० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्यावर ४० मिलिमीटरचा थर नोंदवला आहे. म्हणजे ७२ घनमीटर डांबरी माल. प्रत्यक्षात थर ३० मिलिमीटरचा असेल तर पडला ५४ घनमीटर. १८ घनमीटरचे, म्हणजे चौथ्या हिश्शाचे पैसे न टाकलेल्या मालाचे गेले. एक घनमीटर साधारण २.३ टनांचा धरला तर चाळीसेक टन होतात, आणि ही तूट वजनकाट्याच्या पावत्यांच्या बेरजेत दिसायला हवी. जाडी कशी तपासायची? कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही आहे. तो फारसं कोणी वापरत नाही, आणि नमुन्याची मागणी वाचून कार्यालयाचा चेहरा बदलतो. नमुना मिळाला नाही तरी दोषदायित्व कालावधी संपायच्या आत अर्ज गेलेला असला की ठेकेदाराकडून फुकटात दुरुस्ती करून घेण्याची वाट मोकळी राहते. म्हणून काम पूर्ण झाल्याची तारीख आधी शोधायची.

राज्याच्या नियमांत २०१२ साली आलेली एक अडचण : एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. रस्ता, ड्रेनेज आणि पदपथ एकत्र लिहिले तर पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळा अर्ज करायला सांगता येतं. १५० शब्द पुरतात, पाल्हाळ टाळला तर. नमुना असा : ‘विषय : अमुक प्रभागातील अमुक रस्त्याचे डांबरीकरण. कालावधी : १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५. तपशील : या कामाची संपूर्ण फाइल टिप्पणी भागासह, मोजमाप पुस्तक, अदा केलेली सर्व देयके व चाचणी अहवाल यांचे प्रथम अवलोकन हवे आहे. अवलोकनानंतर निवडलेल्या पानांच्या प्रमाणित प्रती द्याव्यात.’ बस. कारण लिहायचं नाही. कलम ६(२) नुसार कारण विचारताच येत नाही, आणि लिहिलं तर समोरच्याला तुमचा रोख कळतो.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या नियमांतल्या ठरलेल्या नमुन्यात, त्यावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. ‘मा. आयुक्त’ असं लिहून पाठवलेला अर्ज टेबलाटेबलांवर फिरतो. लिहायचं ‘जन माहिती अधिकारी’ आणि पुढे नेमका विभाग : पथ विभाग, बांधकाम विकास विभाग किंवा आपलं क्षेत्रीय कार्यालय. महापालिकेची क्षेत्रीय कार्यालयं १५ आहेत, आणि लहान रस्ते, गटारं, बाकडी यांची फाइल बहुधा तिथेच असते, शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत नाही. दुसऱ्याच प्राधिकरणाचं काम निघालं तर अर्ज ५ दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. ‘आमच्याकडे संबंधित नाही’ एवढं उत्तर पुरत नाही.

हाताने दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. पोहोच नसली की ३० दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवर ही कटकट नाही, नोंदणी क्रमांक आपोआप मिळतो. मात्र कार्यालयांच्या यादीत नेमका विभाग निवडता येतो का ते आधी पाहावं. चुकीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, म्हणजे पोर्टलवरचे अर्ज पुढे वाटणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेलेला अर्ज तिथेच मुक्काम करतो. टपालाचं म्हणाल तर जुन्या नोंदणीकृत टपालाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. अर्जाच्या नमुन्यात तो पर्याय दिसला तरी स्पीड पोस्टच लिहावं.

आता या सेवेतला सगळ्यात चांगला भाग : अवलोकन. फाइल समोर ठेवून वाचायची. पहिला तास फुकट, पुढे दर १५ मिनिटांना ५ रुपये. दोन तासांचे २० रुपये. त्याऐवजी आंधळेपणाने सगळ्या प्रती मागितल्या तर दोनशे पानांचे पानामागे २ रुपयांप्रमाणे ४०० रुपये, आणि त्यातली दीडशे पानं निविदेच्या छापील अटींची. सीडीवर हवं असेल तर ५० रुपये. नकाशे मोठ्या आकाराचे असले तर प्रत्यक्ष खर्च द्यावा लागतो.

अवलोकनाला जाताना पेन नेऊ नका. नियमात लिहिलंय की फक्त पेन्सिल जवळ ठेवता येते, बाकी लेखनसाहित्य अधिकाऱ्याकडे जमा. हा नियम बहुतेकांना तिथे गेल्यावर कळतो आणि मग टेबलावरची बोथट पेन्सिल वाट्याला येते. मोबाइलने फोटो काढण्यावरून हुज्जत होते, ती जिंकण्यात वेळ घालवू नये. पानांचे क्रमांक टिपून घेतले की काम झालं. फाइल उघडल्यावर आधी पृष्ठांकन पाहायचं. पानांवर क्रमांकच नसतील तर उद्या कुठलंही पान गायब होऊ शकतं, म्हणून ‘इतकी पानं पाहिली, पृष्ठांकन नव्हतं’ अशी ओळ अवलोकनाच्या नोंदीत लिहून घ्यायची आणि सही मागायची. मग टिप्पणीकडे, म्हणजे फाइलवरच्या अधिकाऱ्यांच्या शेऱ्यांकडे, वळायचं. पत्रव्यवहार सगळे वाचतात. कुणी आक्षेप घेतला, कुणी तो ओलांडून सही केली, हे मात्र टिप्पणीत असतं. लेखा विभागाचा शेरा आणि त्यानंतरची वरिष्ठांची एक ओळ, पुष्कळदा सगळी गोष्ट या दोन ओळींत असते.

दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अर्जाशिवाय फाइली पाहू देण्याची प्रथा पुणे महापालिकेने पाडली आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने ती परिपत्रकाने राज्यभर नेली. कल्पना नामी. पण ही सोय प्रशासकीय आदेशावर उभी आहे, आणि आदेश काढणाऱ्याला तो मागेही घेता येतो. तेव्हा जाण्याआधी विभागात विचारून जावं, आणि सोमवार हुकला तर कलम २(ञ) खाली लेखी अर्ज करून अवलोकन मागावं. तो हक्क कुणा आयुक्ताच्या मर्जीवर नाही.

अविश्वासाला या शहरात अलीकडे चांगलं कारणही होतं. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती होता. मुख्य सभाही प्रशासक, स्थायी समितीही प्रशासक. मागणारा, मंजूर करणारा आणि खर्च करणारा एकच. त्या काळातले ठराव क्रमांकानुसार मागता येतात. आता नगरसेवक परत आलेत, तर आपल्या प्रभागाची अंदाजपत्रकातली ‘स’ यादी, म्हणजे नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातल्या कामांची यादी, मागून पाहावी, कामनिहाय तरतूद आणि प्रत्यक्ष खर्चासह. तिच्या जोडीला वर्षअखेरीला झालेल्या वर्गीकरणाचे प्रस्ताव. ड्रेनेजचे पैसे मार्चमध्ये कापडी पिशव्या किंवा नामफलकांकडे वळले असतील तर ते तिथे दिसतं.

पोलिसांकडे ही सेवा कमी वापरली जाते आणि तिथेच तिची गरज जास्त. मोर्चा किंवा सभा नाकारली जाते तेव्हा तोंडी उत्तरावर समाधान मानू नये. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(३) खालचा जमावबंदी आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणून एक आदेश संपला की दुसरा निघतो. वर्षभरातले असे सगळे आदेश, त्यांची प्रसिद्धी आणि प्रत्येकामागची टिप्पणी मागावी. मग बंदी खरोखर कशासाठी होती की सवयीने चालू राहिली, हे तारखाच सांगतात. एखाद्याला ताब्यात घेतल्याची माहिती हवी असेल तर अर्जाच्या डोक्यावर ‘कलम ७(१) परंतुक, जीवित व स्वातंत्र्य, ४८ तास’ असं ठळक लिहायचं आणि धोका काय ते एका वाक्यात सांगायचं. ४८ तासांत उत्तर मागणारं हे परंतुक गटाराच्या अर्जावर वापरून त्याची धार घालवू नये.

नकाराचे साचे ठरलेले आहेत. ‘माहिती विस्तृत आहे’ : कलम ७(९) फक्त देण्याचं स्वरूप बदलू देतं, नकार देऊ देत नाही, उत्तरात अवलोकन मागावं. ‘चौकशी चालू आहे’ : नुसती चालू असणं पुरत नाही, माहिती दिल्याने तिला अडथळा कसा येतो ते सांगावं लागतं. ‘ठेकेदाराची व्यापारी गुपितं’ : निविदा उघडून काम दिल्यावर हे फार लंगडं कारण आहे. खरी अडचण ‘वैयक्तिक माहिती’ची. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने कलम ८(१)(ञ) इतकं आखूड केलं की त्यातली सार्वजनिक हिताची कसोटी आणि ‘विधिमंडळाला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाही’ हे वाक्य दोन्ही गेली. उरलं आहे कलम ८(२), म्हणजे सार्वजनिक हित नुकसानीपेक्षा मोठं असेल तर माहिती देऊ देणारं कलम. ते आता अर्जातच नमूद करावं, आणि नावं झाकून बाकीचं द्या म्हणून कलम १० सांगावं.

आणखी एक युक्ती ओळखून ठेवावी : २८ व्या-२९ व्या दिवशी शुल्क भरण्याचं पत्र निघतं. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत, पण आधीचे संपलेले दिवस संपलेलेच. २९ व्या दिवशी पत्र, तर पैसे भरल्यावर त्यांच्याकडे एकच दिवस उरतो. मुदत टळली की कलम ७(६) नुसार प्रती फुकट. पत्रावरची तारीख आणि पाकिटावरचा टपालाचा शिक्का यांत अंतर असतं, म्हणून पाकीट फेकू नये.

पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचं तिकीट. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५. इथवर सेवा बरी चालते. सुनावणीची नोटीस निघाली की काही फाइली अचानक सापडतात. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे, आणि इथे दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० असा दंड कायद्यात आहे, पण दुसरं अपील किती दिवसांत निकाली काढायचं याची मुदतच कायद्याने घातलेली नाही. त्यामुळे लढाई अवलोकनाच्या टेबलावरच जिंकायला हवी. आयोगाच्या भरवशावर अर्ज करू नये.

अर्जात पत्ता देण्याबद्दल सावधपणा हवाच. तळेगाव दाभाड्यात १३ जानेवारी २०१० ला माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टींचा खून झाला, हे या परिसरातला कुणी विसरलेला नाही. संपर्कासाठी लागेल तेवढाच तपशील मागता येतो आणि टपालपेटी क्रमांक चालतो, असं कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये म्हटलेलं आहे. जमीन आणि बांधकामाच्या फाइलींसाठी दोन-तीन जणांनी वेगवेगळे अर्ज करणं बरं.

शेवटचं, कॅम्प आणि खडकीतल्या लोकांसाठी. पुणे, खडकी आणि देहूरोडची कटक मंडळं म्हणजे कॅन्टोन्मेंट बोर्डं केंद्राच्या अखत्यारीत येतात. तिथे कोर्ट फी तिकीट चालत नाही, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडायची. शब्दमर्यादा ५००, पहिल्या अपिलाला शुल्क नाही, आणि दुसरं अपील थेट दिल्लीला, केंद्रीय माहिती आयोगाकडे.