बो थ्रस्टरच्या नावाने बोटीला पडलेले भोक

आमची बोट २६ फुटांची, फायबरची, एकाच डिझेल इंजिनाची आहे आणि तिने पंचविशी ओलांडली आहे. गोव्यातल्या मांडवी नदीत ओहोटी एकीकडे ओढत असताना आणि दुपारचा पश्चिमेचा वारा दुसरीकडे ढकलत असताना तिला जेटीला लावणे हे माझ्या वयाच्या माणसाला घाम फोडणारे काम असते. वेग कमी केला की सुकाणू ऐकेनासे होते, हलकी नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, वाऱ्याबरोबर भलतीकडे वळते आणि रिव्हर्स टाकला की इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्याच्या फिरण्यामुळे मागची बाजू डावीकडे सरकते. दोनदा बोट खांबावर आपटल्यावर नाळेत बो थ्रस्टर बसवून घ्यावा, असे मी ठरवले.

ज्यांना हे यंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नाळेच्या खालच्या भागात, पाण्याच्या पातळीखाली, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आरपार नळी बसवतात. त्या नळीत विजेच्या मोटरवर फिरणारा छोटा पंखा असतो आणि तो पाणी डावीकडे किंवा उजवीकडे फेकून नाळ आडवी सरकवतो. मोटर एका दमात दोन-तीन मिनिटेच चालवायची असते, पण तेवढ्या वेळात ती शेकडो अँपिअर खेचते. या कामासाठी चांगल्या बोटीला पाण्याखाली दोन मोठी भोके पाडावी लागतात, हे मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ तेव्हा नीट उमगला नव्हता.

एका ओळखीच्या माणसाने मला एका कंत्राटदाराकडे पाठवले. त्याने युरोपी बनावटीचा नवा थ्रस्टर, १४० मिलिमीटर व्यासाची नळी, केबल, बॅटरी आणि मजुरी मिळून ३,२०,००० रुपये सांगितले. ‘काका, पक्के बिल केले तर कर वाढेल, आपल्या आपल्यात कशाला?’ असे तो म्हणाला आणि मी मान डोलावली. आगाऊ दिलेल्या २,२५,००० रुपयांपैकी १,००,००० रुपये बँकेतून आणि उरलेले रोख दिले. माझी पहिली चूक येथे झाली, परंतु खरी चूक पुढची होती.

जूनमध्ये पाऊस लागताच बोट पाण्याबाहेर काढून त्याच्या यार्डात ठेवली. ‘पावसात कशाला हेलपाटे घालता, मी फोटो पाठवतो’ असे तो म्हणाला आणि मला ते सोयीचे वाटले. बोटीला भोक पाडले गेले, नळी चिकटवली गेली आणि केबल फळ्यांखालून ओढली गेली, त्या दिवसांत मी एकदाही तेथे नव्हतो. जुलैच्या अखेरीस गेलो तेव्हा सगळ्यावर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा पांढरा गुळगुळीत थर, चढून ते चकचकीत झाले होते. फायबरच्या कामाची गोमच अशी की वरचा थर बसला की आतले काही दिसत नाही. त्याने पाठवलेल्या फोटोंत आतल्या पट्ट्या करड्या रंगाच्या होत्या आणि आमच्या बोटीतल्या पांढऱ्या आहेत, हे माझ्या लक्षात यायला मात्र ऑक्टोबर उजाडला.

सप्टेंबरमध्ये बोट पाण्यात उतरवली. बटण दाबल्यावर मोटर गुरगुरली, एका बाजूने पाणी फसफसले, नाळ हातभर सरकली आणि थांबली. कंत्राटदाराने आधी बॅटरीला, मग प्रवाहाला आणि शेवटी माझ्या बटण दाबण्याच्या पद्धतीला दोष दिला. त्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. त्याच सुमारास नाळेकडच्या भागात पाणी साचू लागले आणि तळात साचलेले पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप दिवसातून अनेकदा चालू लागला, तेव्हा मात्र मी घाबरलो.

दक्षिण गोव्यातल्या बेतूलच्या एका जुन्या फायबर कारागिराला बोलावून बोट पुन्हा वर काढली आणि एकेक गोष्ट उघडी पडत गेली. नळीचा वरचा काठ पाण्याखाली जेमतेम दोन बोटे होता. तो निदान नळीच्या अर्ध्या व्यासाइतका आणि शक्य तर पूर्ण व्यासाइतका खोल असावा लागतो, नाहीतर पंखा पाण्याबरोबर हवाही ओढतो आणि जोर नाहीसा होतो. आमच्याकडे चारजण मागच्या बाजूला बसले की नाळ वर उचलली जाऊन नळी जवळजवळ उघडीच पडत असे. इतक्या वर ती का बसवली असावी, याचे कारागिराने दिलेले कारण मला पटते: खाली नाळ अरुंद असते, आत हात पोहोचत नाही आणि तेथे काम करायला वेळ लागतो.

त्याहून वाईट गोष्ट नळीच्या जोडाची होती. असा जोड करताना दोन्ही बाजूंचा जुना रंग आणि जेलकोट घासून उघड्या फायबरपर्यंत जायचे असते, उतार द्यायचा असतो आणि मग आतून व बाहेरून मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, अनेक थर रेझिन नावाच्या घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात बसवायचे असतात. येथे बाहेरून मॅटचा एकच थर होता, आत रंगावरच पुट्टी फासलेली होती आणि कारागिराने छिन्नीचे टोक घालताच ती पापडासारखी सुटून आली. पाण्याखालचे ते भोक पुट्टीवर तगून होते आणि त्याच बोटीतून मी नातवंडांना आग्वादच्या बाजूला फिरवून आणले होते.

केबल बाहेरून जाडजूड, तांबूस आणि छाप मारलेली होती. चाकूने तार खरवडली तर आत पांढरे ॲल्युमिनियम निघाले. ज्याला हा प्रकार ठाऊक आहे त्याला तो वजनावरूनही कळतो, कारण ३५ चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेत तांबे मीटरला ३०० ग्रॅमच्या वर भरते आणि ॲल्युमिनियम १०० ग्रॅमच्या आत. बॅटरी मागे आणि मोटर पुढे असल्याने जाऊन-येऊन १४ मीटर तार होती. एवढ्या अंतराला खऱ्या तांब्याच्या तारेतही ३०० अँपिअरला दोन व्होल्ट गळतात, म्हणून जाणकार एकतर याहून बरीच जाड तार घेतात किंवा मोटरजवळ वेगळी बॅटरी ठेवतात. आमच्या नकली तारेत तीन व्होल्टच्या वर जात असत आणि १२ व्होल्टच्या मोटरला नऊही धड मिळत नसत. फ्यूज तर नव्हताच. खाऱ्या हवेत कधी ती तार कुठे टेकली असती तर आग लागायला वेळ लागला नसता.

थ्रस्टरवरचा चकचकीत स्टिकर सोलल्यावर खालच्या पट्टीवरचा अनुक्रमांक घासून काढलेला दिसला. गिअरमधले तेल पाणी शिरून दुधाळ झाले होते आणि गंजापासून बचावासाठी लावलेला जस्ताचा तुकडा एका महिन्यात झिजणार नाही इतका झिजलेला होता. कुणाच्या तरी बोटीतून काढलेला माल रंगवून मला नवा म्हणून विकला होता. पेटी उघडताना मी हजर असतो आणि अनुक्रमांक लिहून घेतला असता, तर हे पहिल्याच दिवशी कळले असते.

मी उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तेथे शुल्क लागत नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. माझ्याजवळ बँकेची नोंद, त्याचे संदेश आणि ते करड्या पट्ट्यांचे फोटो आहेत. रोख दिलेल्या सव्वा लाखासाठी मात्र केवळ ‘पोचले काका’ असा दोन शब्दांचा संदेश आहे आणि त्यात आकडा नाही. पणजीच्या बंदर कप्तानांकडे नोंदलेल्या बोटीला भोक पाडण्याआधी बोटी तपासणाऱ्या एखाद्या सर्व्हेअरला पैसे देऊन बोलवावे, एवढे शहाणपण मला का सुचले नाही, हे बायकोने मला पुष्कळदा विचारले आहे.

भोके बुजवून घेतली. तो खर्च आणि दुसऱ्यांदा बोट उचलण्याचे भाडे मिळून आणखी ७०,००० गेले. थ्रस्टर काढून पुरावा म्हणून घरी गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे. बोट मी हल्ली शक्यतो डाव्या बाजूनेच जेटीला लावतो: तिरके येऊन नाळेजवळून मागे जाणारा दोर खांबाला अडकवायचा आणि थोडासा रिव्हर्स टाकायचा, म्हणजे इतकी वर्षे त्रास देणारी ती मागची बाजू आपणहून डावीकडे, जेटीकडे, सरकत येते. ही युक्ती बेतूलच्या त्या कारागिराने शिकवली आणि तिचे पैसे घेतले नाहीत.