सात हजार दोनशे एकतीस हा आकडा मीच त्याला सांगितला

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात मी गेली अनेक वर्षे हिशेब लिहितो. दर महिन्याचे जीएसटी रिटर्न माझ्याच हातून जाते, आणि तरीही एका घड्याळाच्या आणि त्यावरच्या कराच्या नावाखाली माझे ३३,५५१ रुपये गेले. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

मला जुन्या चावीच्या घड्याळांचा नाद आहे. वडिलांच्या मनगटावर एचएमटी होते. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनवायला सुरुवात केली, हे समजल्यापासून एक अस्सल जुने सिटिझन आपल्याकडे असावे असे वाटत होते. समाजमाध्यमावर जपानमधून घड्याळे पाठवतो म्हणणारा एक विक्रेता भेटला. घड्याळाचे १४,८०० आणि पाठवणीचे १,६५० असे १६,४५० रुपये त्याने भारतातल्या ‘सहकाऱ्याच्या’ यूपीआयवर मागितले आणि मी ते पाठवले. जपानच्या दुकानदाराचे पैसे भारतातल्या वैयक्तिक खात्यात कशासाठी, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

उलट मी स्वतःला फार सावध समजत होतो. पार्सलवर भेटवस्तू असे लिहू का, असे त्याने विचारले, तेव्हा मीच त्याला सुनावले की डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तूंची शुल्कमाफी बंद झाली आहे, फक्त राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळली आहेत, तेव्हा खरी किंमत लिही, कर मी भरीन. माझ्यासारखे गिऱ्हाईक किती सोपे असते, हे त्याने त्याच दिवशी ओळखले असणार.

नऊ दिवसांनी फोन आला. स्वच्छ मराठीत बोलणाऱ्या माणसाने सांगितले की पार्सल मुंबईच्या फॉरेन पोस्ट ऑफिसात आले आहे आणि सीमाशुल्क भरल्याशिवाय सुटणार नाही. किती, असे मी विचारले. ‘एक मिनिट सर, सिस्टीममध्ये बघतो,’ असे म्हणून तो थांबला आणि कळफलकाचा आवाज येऊ लागला. कॅल्क्युलेटर माझ्या समोरच होता. मूळ शुल्क वीस टक्के, त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, आणि या सगळ्यासह होणाऱ्या रकमेवर अठरा टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, असा हिशेब मी आधीच मांडून ठेवला होता. न राहवून मीच म्हणालो, ‘सात हजार दोनशे एकतीस होतात ना?’ आवाज थांबला. ‘अगदी बरोबर सर, तुम्हाला तर सगळंच माहीत आहे.’

तो क्षण आठवला की आजही कान तापतात. त्याच्याकडे आकडाच नव्हता; तो मी दिला, आणि माझाच आकडा परत ऐकून माझी खात्री पटली. वैयक्तिक वापराच्या पार्सलवर शुल्क वेगळ्या शीर्षकाखाली आकारले जाते, म्हणजे माझा हिशेब व्यापारी आयातीचा होता, हे नंतर कळले. खऱ्या कारकुनाने माझी चूक तिथेच दाखवली असती.

पैसे पाठवताना पिन टाकण्याआधी पडद्यावर एका मोबाइल शॉपीचे नाव आले. मी विचारले, तेव्हा ‘ते आमचे कलेक्शन एजंट आहेत’ असे उत्तर मिळाले. सीमाशुल्क विभाग मोबाइल शॉपीत गल्ला मांडत नाही, एवढे कोणालाही कळते. मलाही कळत होते, पण घड्याळ दाराशी आल्यासारखे वाटत होते. मग पावती आली. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का आणि मध्ये फक्त ७,२३१. कराची फोड नाही, आणि या खात्याच्या पत्रव्यवहारावर असणारा डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांकही नाही. हा क्रमांक खात्याच्या संकेतस्थळावर टाकून कागद खरा की खोटा ते पाहता येते. तेवढे जरूर करा. अशी पावती दुकानात कोणी आणली असती तर मी ती तोंडावर परत केली असती.

दोन दिवसांनी ‘मूल्यांकनातील फरकाची परतावा अनामत’ म्हणून ९,८७० रुपये गेले. तिसऱ्या वेळी २४,५०० रुपये दंड आणि अटकेची भाषा आली, तेव्हा मी आमच्या पोस्टमनला विचारले. तो म्हणाला, ‘सायेब, पोस्टाच्या पार्सलची ड्यूटी आमीच दारात घेतो, पावती देऊन. फोनवर कोण मागतंय?’ कुरियरने आलेल्या पार्सलचे शुल्क कंपनी भरते आणि बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे आयातीच्या सीमाशुल्क नोंदीच्या, प्रतीसह आपल्याकडून वसूल करते, हेही आता ठाऊक झाले. ट्रॅकिंग क्रमांक मी तेव्हा कुठे मोजला. टपालाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकात दोन अक्षरे, नऊ अंक आणि पुन्हा दोन अक्षरे असतात. माझ्या क्रमांकात आठच अंक होते.

लाजेपायी मी चार दिवस गप्प बसलो, ही माझी दुसरी चूक. सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांत तक्रार गेली तर पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात. माझे तोवर कुठल्या कुठे गेले होते. पण त्यानंतर जे झाले त्याचा दोष मी स्वतःकडे घेणार नाही. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला, त्यामुळे हा अनधिकृत व्यवहार ठरत नाही आणि आमची जबाबदारी नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचे काय, यावर ‘ती दुसरी बँक आहे’. पोलीस ठाण्यात गेलो तर सायबर कक्षाकडे जा म्हणाले, सायबर कक्षाने पुन्हा ठाण्याकडे पाठवले, आणि तिसऱ्या फेरीत एका साहेबांनी खाते परराज्यातले आहे, तेव्हा गुन्हा तिकडे दाखल होईल, असे ऐकवले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचे कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही, असे मी नम्रपणे म्हणालो. त्यावर ‘एवढं कळतं, तर पैसे कसे पाठवले?’ असा प्रश्न आला आणि बाकावरचे दोघे हसले. अर्ज घेतला, पोच दिली नाही. दुकानातून अर्धी रजा काढून मी पाच वेळा गेलो. त्या रजांचे पैसे वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

आधार आणि पॅनची छायाचित्रेही मी त्यांना दिली आहेत, कारण खऱ्या आयातीतही केवायसी मागतात. आधारचे बायोमेट्रिक लॉक केले आहे, तुमच्याही हातून असे झाले असेल तर आजच करा.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाचा संदेश आला: पार्सल अजून गोदामात आहे, दंडात पन्नास टक्के सवलत, फक्त १२,२५० भरा. तो संदेश दाखवायला मी फोन घेऊन ठाण्यात गेलो. प्रिंट काढून आणा, म्हणाले.