डोमेन कंट्रोलरवरचा सिक्युरिटी डेटाबेस बिघडला: दुरुस्त करावा, नवा बनवावा की बॅकअप घालावा?

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या छोट्या कारखान्यांत चित्र बहुधा एकच असतं. अकाउंट्सच्या केबिनमागे एक सर्व्हर, तोच डोमेन कंट्रोलर (ऑफिसातल्या सगळ्यांची खाती आणि लॉगिन सांभाळणारा), त्याच्यावरच फाइल शेअर, त्याच्यावरच टॅली. एके दिवशी ॲप्लिकेशन लॉग उघडावा तर दर पाच मिनिटांनी सेसक्लायची, म्हणजे सुरक्षा पॉलिसी लावणाऱ्या विंडोजच्या भागाची, १२०२ ची वॉर्निंग: पॉलिसी लावताना अडचण आली. शेठ म्हणतात, महिनाअखेरची बिलं निघू देत, मग बघा. खरं तर थांबायला हरकत नसते, कारण लॉगिन चालू असतात. घाईने हात घातला तरच काम बंद पडतं.

कुठला उपाय करायचा हे ठरवण्याआधी डेटाबेस खरंच बिघडलाय का, हे पाहा. १२०२ सोबत एक एरर कोड येतो. तो ५३४ असेल तर डेटाबेसचा काहीच दोष नाही. पॉलिसीत (डोमेनच्या मशीनांवर लागणाऱ्या नियमांत) असं एखादं नाव आहे ज्याचं खातं आता डोमेनमध्ये नाही. विंडोज फोल्डरमधल्या सिक्युरिटी, लॉग्ज या फोल्डरात विनलॉगऑन डॉट लॉग नावाची फाइल असते. तिच्यात ‘कॅनॉट फाइंड’ शोधा, समोर ते नाव येतं. बहुतेकदा ते जुन्या बॅकअप सॉफ्टवेअरचं सर्व्हिस खातं असतं, कुणीतरी साफसफाईत उडवलेलं. पॉलिसीतून नाव काढा, काम संपलं. कोड ४बी८ असेल तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. तेव्हा एसेंटयूटिल या विंडोजच्या डेटाबेस-दुरुस्ती आज्ञेला /जी लावून सेकएडिट डॉट एसडीबी, म्हणजे हाच सिक्युरिटी डेटाबेस, तपासा. ही तपासणी फक्त वाचते, फाइलला धक्का लावत नाही.

दुसरी गोष्ट, दोन डेटाबेसांची गल्लत करू नका. युजर, पासवर्ड, कंप्युटर खाती हे सगळं एनटीडीएस डॉट डीआयटीमध्ये असतं. सेकएडिट डॉट एसडीबी ही त्या एका मशीनची सुरक्षा सेटिंग्जची नोंदवही. डोमेनच्या पॉलिसी मुळात सिसव्हॉल या कंट्रोलरवरच्या शेअर फोल्डरमध्ये असतात आणि तिथून या फाइलमध्ये उतरतात. म्हणून ही फाइल गेली तरी डोमेन जात नाही. पुढचा सगळा हिशेब याच्यावर उभा आहे.

आता पर्याय. पहिला एसेंटयूटिलचाच /आर, म्हणजे सॉफ्ट रिकव्हरी. लॉग फाइलींत लिहिलेले पण डेटाबेसात न पोचलेले व्यवहार ती पुन्हा चढवते. वीज अचानक गेल्याने बिघाड झाला असेल तर याच्यानेच भागू शकतं, आणि काही गमावावं लागत नाही. अट एवढीच की ईडीबी नावाने सुरू होणाऱ्या लॉग फाइली जागेवर हव्यात. त्या आधीच हलवल्या किंवा पुसल्या तर हा रस्ता बंद. म्हणून आधी अख्ख्या सिक्युरिटी फोल्डरची प्रत काढा.

दुसरा /पी, हार्ड रिपेअर. हा वाचता न येणारी पानं टाकून देतो आणि उरलेलं जोडतो. काय टाकलं ते तुम्हाला नीट कळत नाही. फाइल ‘दुरुस्त’ दिसते, आत भोकं असू शकतात. एनटीडीएसवर तर हा शेवटचा उपाय मानावा, कारण गेलेली खाती दुसऱ्या कंट्रोलरशी जुळत नाहीत. सेकएडिटवर तो चालतो, पण मला तिथेही तो पटत नाही. जी फाइल जवळजवळ सगळी सिसव्हॉलमधून पुन्हा भरता येते, ती अर्धवट का वाचवायची?

त्यापेक्षा तिसरा बरा: जुनी फाइल आणि लॉग बाजूला ठेवून विंडोजला नवी बनवू देणे, म्हणजे फाइलचं नाव बदलायचं आणि पॉलिसी पुन्हा लावणारं जीपीअपडेट /फोर्स चालवायचं. फाइल हलत नसेल तर सेफ मोडमध्ये जावं लागतं. यात नुकसान एकच, पण ते समजून घ्या. एखादी सेटिंग पॉलिसीतून काढली की विंडोज तिची आधीची किंमत याच डेटाबेसातून उचलतं. नव्या फाइलमध्ये ती आधीची किंमत नसते, त्यामुळे सेटिंग आहे तशीच चिकटून राहते. म्हणून आधी जीपीरिझल्टचा /एच रिपोर्ट (सध्या लागलेल्या पॉलिसींची यादी) आणि सगळ्या जीपीओंचा, म्हणजे पॉलिसींच्या संचांचा, बॅकअप काढून ठेवा.

याच तिसऱ्या रस्त्यावर एक सापळा आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून सांगायचंय. ‘डिफॉल्ट टेम्प्लेट (विंडोजसोबत येणारा सुरक्षा सेटिंग्जचा तयार संच) इंपोर्ट करा’ हा सल्ला सगळ्यात सुरक्षित वाटतो. लोक डिफॉल्टबेस टेम्प्लेट चढवतात. पण डोमेन कंट्रोलरसाठीचं टेम्प्लेट वेगळं, डिफॉल्टडीसी. आणि तेही चढवलं तरी तुमच्या सॉफ्टवेअरने फाइल, रजिस्ट्री आणि सर्व्हिसवर लावलेल्या परवानग्या पुसल्या जाऊ शकतात. दुसऱ्या दिवशी एसक्यूएलची सर्व्हिस उठत नाही आणि कारण कुणाला सापडत नाही. डीसीजीपीओफिक्स ही आज्ञाही अशीच: डोमेनच्या दोन्ही मूळ पॉलिसी पहिल्या दिवसाच्या स्थितीत नेते, तुमच्या पासवर्ड पॉलिसीसकट. सिसव्हॉलमधली पॉलिसीच खराब असेल तरच तिच्याकडे वळा.

चौथा, सिस्टम स्टेट बॅकअप, म्हणजे एनटीडीएस, सिसव्हॉल, रजिस्ट्री यांचा एकत्र बॅकअप परत घालणे. कंट्रोलर एकच असेल तर तो पूर्ण डोमेन मागच्या तारखेला नेतो: नंतर बनलेली खाती गायब, बदललेले पासवर्ड जुने, काही कंप्युटरचा डोमेनशी विश्वास तुटलेला. एका सेकएडिटसाठी इतकी किंमत देऊ नका. एनटीडीएस बिघडला असेल तर मात्र हाच पहिला पर्याय, आणि बॅकअप टूंबस्टोनच्या मुदतीतला हवा (पुसलेल्या खात्यांची खूण डोमेन जितके दिवस ठेवतं ती मुदत), सहसा १८० दिवस, जुन्या फॉरेस्टमध्ये ६०. सर्व्हर व्हर्च्युअल मशीन असेल तर त्याचा स्नॅपशॉट (एका क्षणाची टिपलेली अवस्था) मागे फिरवणं म्हणजे हा बॅकअप नव्हे. सर्व्हर २०१२ पासून त्यावर संरक्षण आलं, पण होस्टनेही, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या यंत्रणेनेही, साथ द्यायला हवी. आणि बॅकअप सर्व्हरच्याच खोलीत ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात किती ठिकाणी तळमजल्यांत शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरा कंट्रोलर असेल तर एनटीडीएसच्या बिघाडात पाचवा पर्यायही खुला होतो: बिघडलेला उतरवून नवा उभा करणे. आधी नेटडॉम आज्ञेने एफएसएमओच्या भूमिका (एका वेळी एकाच कंट्रोलरकडे असणारी खास कामं) कुणाकडे आहेत ते पाहा. जबरदस्तीने भूमिका ओढून घेतल्या तर जुनं मशीन परत जोडायचं नाही, कधीच नाही.

तर कंट्रोलर एक असो वा दोन, सेकएडिटसाठी माझा क्रम /जी, /आर, मग नवी फाइल. /पी फक्त स्थानिक सेटिंग्ज खरंच जपायच्या असतील तर.

काम झाल्यावर लॉगमध्ये १२०२ ऐवजी सेसक्लायची १७०४ दिसायला हवी. तीच पॉलिसी नीट लागल्याची खूण. त्यानंतर अँटीव्हायरसमध्ये सिक्युरिटी, डेटाबेस फोल्डरातल्या एसडीबी, लॉग आणि सीएचके फाइली वगळा, आणि डिस्कच्या एररही तपासा. डिस्कच मरत असेल तर नवी फाइलही पुन्हा बिघडेल. बाजूला ठेवलेला जुना फोल्डर काही दिवस १७०४ सलग येत राहिल्यावरच पुसा.