लाइटरूम क्लासिकमधील ‘रिमूव्ह’: काय खोडावे आणि काय राहू द्यावे

छायाचित्रातील नकोशी वस्तू काढून टाकण्याची सोय आता बऱ्याच फोनमध्ये आली असली, तरी रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने टिपलेल्या, प्रक्रिया न झालेल्या मूळ नोंदीवर) मन लावून काम करणाऱ्यांचा मोठा वर्ग आजही अ‍ॅडोबीचे लाइटरूम क्लासिक हे छायाचित्र-संपादनाचे सॉफ्टवेअर वापरतो. तेथील ‘रिमूव्ह’ हे साधन अलीकडच्या काळात इतके बदलले आहे की त्याचे परीक्षण करताना काम किती सफाईने होते एवढेच पाहून भागत नाही. अशा साधनाबाबत पहिला प्रश्न मी असा विचारतो: वस्तू काढल्यावर मोकळी झालेली जागा कशाने भरली? छायाचित्रात भोक ठेवता येत नाही. जे काढले त्याच्या जागी काहीतरी घालावेच लागते, आणि ते कोठून आले यावर छायाचित्रकाराने ती वस्तू काढावी की नाही हे बरेचसे अवलंबून असते.

या साधनाच्या पॅनेलमध्ये तीन पद्धती आहेत. ‘क्लोन’ चित्राच्या एका भागातील तुकडा जसाच्या तसा उचलून दुसरीकडे बसवते, ‘हील’ तसाच तुकडा उचलून त्याचा रंग आणि उजेड आजूबाजूशी जुळवून घेते, तर साधनाच्याच नावाची ‘रिमूव्ह’ पद्धत परिसर पाहून भरणी कशी करायची हे स्वतः ठरवते. पहिल्या दोन पद्धतींत तुकडा कोठून घेतला ते पडद्यावर खुणेने दिसते आणि ती खूण ओढून हवी तेथे नेता येते. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण भरणीचा उगम सतत डोळ्यांसमोर राहतो आणि निर्णय आपल्या हातात राहतो. अ‍ॅडोबीने फोटोशॉपमध्ये हीलिंग ब्रश २००२ मध्ये आणला आणि परिसर ओळखून जागा भरण्याची सोय २०१० मध्ये दिली. लाइटरूम क्लासिकमध्ये ती २०२२ मध्ये आली. या सगळ्यांत भरणीचा माल त्याच चित्रातून येत होता. मे २०२४ मध्ये ‘रिमूव्ह’ पद्धतीत ‘यूज जनरेटिव्ह एआय’ (चित्र स्वतः घडवणारी एआय वापरा) ही चौकट आली आणि तेव्हापासून तो बाहेरूनही येऊ लागला. हा फरक वापरणाऱ्यांच्या म्हणावा तितका लक्षात आलेला नाही.

जुन्या पद्धतींचे काम उत्तम आहे, यात शंका नाही. लेन्स बदलताना सेन्सरवर बसलेली धूळ एफ/१६ सारख्या लहान छिद्रावर आकाशात करड्या ठिपक्यांच्या रूपाने उमटते. ‘व्हिज्युअलाइज स्पॉट्स’ सुरू केले की असे ठिपके काळ्या-पांढऱ्या चित्रात वेगळे उठून दिसतात, आणि एका फाइलवरची दुरुस्ती त्याच वेळी काढलेल्या इतर फाइलींवरही चढवता येते. ही साफसफाई करण्यास कोणाचीच हरकत नसावी, कारण ठिपका कॅमेऱ्यात होता, समोरच्या दृश्यात नव्हता. असोसिएटेड प्रेससारखी कडक नियमांची वृत्तसंस्थादेखील सेन्सरवरील धूळ आणि स्कॅन केलेल्या निगेटिव्हवरचे ओरखडे काढण्यास परवानगी देते.

जनरेटिव्ह पद्धत वापरायची तर इंटरनेट लागते, कारण प्रत्यक्ष काम अ‍ॅडोबीच्या सर्व्हरवर ‘फायरफ्लाय’ हे एआय प्रारूप (मॉडेल) करते. थोड्या वेळात तीन पर्याय समोर येतात आणि त्यांतला एक निवडायचा असतो. वस्तूबरोबर तिची सावली आणि पाण्यातले प्रतिबिंबही ब्रशने झाकावे लागते. कडेला थोडासा भाग शिल्लक राहिला तर प्रारूप त्याचा आपल्या परीने अर्थ लावते आणि खोडलेल्या जागी दुसरीच वस्तू उगवण्याची शक्यता असते. ‘डिटेक्ट ऑब्जेक्ट्स’ची जोड घेतल्यास कडा नीट पकडल्या जातात. गवत, वाळू, ढगाळ आकाश, लाटा अशा पार्श्वभूमीवर निकाल इतका बेमालूम असतो की जाणकारालाही जागा सापडू नये. वाळूचे कण थोडे इकडचे तिकडे झाल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

पण पार्श्वभूमीच पुरावा असेल तर? सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर डोळ्यांसमोर आणावे. यादवकाळातील हे पंचायतन (मुख्य मंदिराभोवती चार लहान मंदिरे असलेले) मंदिर काळ्या दगडात, भूमिज शैलीत बांधलेले असून शिखरावर चढत जाणाऱ्या उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये ओळीने रचलेली लहान शिखरे आणि भिंतींवरचे कोरीवकाम हेच त्याचे वैभव आहे. शिखराच्या बाजूच्या आकाशातून जाणारी एखादी तार ‘हील’ने काढली तर आकाशाच्या जागी आकाशच येते, आणि सुशोभनासाठी काढलेल्या चित्रात मला ते मान्य आहे. मात्र भिंतीसमोर पर्यटक उभा असेल आणि त्याला जनरेटिव्ह पद्धतीने काढले, तर त्याच्या मागे कोणते शिल्प आहे हे प्रारूपाला ठाऊक नसते. ते शिल्पासारखे काहीतरी तयार करते. मिळालेले तीन पर्याय शेजारी ठेवून पाहिले की तिन्हींत कोरीवकाम वेगवेगळे असते, आणि त्यांतले एकही खरे नाही हे त्यावरूनच कळते. लांबून सगळे शोभून दिसते, पण २०० टक्के मोठे केले की मूर्तीच्या हातातील आयुध धड शंखही नाही आणि धड गदाही नाही असे निघते. विष्णूची केशव, नारायण, माधव अशी चोवीस रूपे चार हातांतील शंख, चक्र, गदा आणि पद्म यांच्या क्रमावरून ओळखली जातात. एका हातातले आयुध बदलले तर देवाचे नावच बदलते, आणि ते चित्र उद्या एखाद्या अभ्यासकाने संदर्भ म्हणून वापरले तर चूक पुढच्या लेखनात जाते. हा दोष सगळ्याच जनरेटिव्ह साधनांचा आहे, आणि तो अधिक चांगल्या प्रारूपाने जाईल असे मला वाटत नाही, कारण झाकलेली गोष्ट फाइलमध्ये नोंदलेलीच नसते.

अशा ठिकाणी जुना उपाय अधिक प्रामाणिक आहे. कॅमेरा तिवईवर ठेवून थोड्या थोड्या वेळाने अनेक फ्रेम घ्याव्यात आणि फोटोशॉपमध्ये त्या एकावर एक रचून त्यांचा ‘मीडियन’ (प्रत्येक ठिपक्याचे मधले मूल्य) काढावा. जी माणसे हलत राहिली ती गळून पडतात आणि त्यांच्या जागी येते ती खरी भिंत, कारण निम्म्याहून अधिक फ्रेममध्ये ती उघडी होती. वेळ लागतो, तिवईला परवानगी लागू शकते, पण चित्रातला दगडाचा प्रत्येक ठिपका त्याच दगडाचा असतो.

वृत्तछायाचित्रणात तर जागा कशाने भरली हा प्रश्नही उरत नाही. तिथे काढणेच वर्ज्य आहे आणि ते योग्यच आहे. असोसिएटेड प्रेससाठी काम करणारे छायाचित्रकार नार्सिसो कॉन्ट्रेरास यांनी २०१३ मध्ये सीरियात टिपलेल्या एका लढवय्याच्या चित्रातून कोपऱ्यात पडलेला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा काढून टाकला होता. हे लक्षात आल्यावर जानेवारी २०१४ मध्ये असोसिएटेड प्रेसने त्यांच्याशी संबंध तोडले. आदल्याच वर्षी पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळवणाऱ्या चमूत ते होते आणि संस्थेने तपासलेल्या त्यांच्या जवळपास ५०० चित्रांत दुसरा फेरफार आढळला नाही, तरीही निर्णय बदलला नाही. काहींना ही शिक्षा फार कठोर वाटते. मला वाटत नाही, कारण त्या कॅमेऱ्यामुळेच वाचकाला कळले असते की त्या क्षणी तिथे आणखी एक चित्रण करणारा माणूस होता. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या स्पर्धेतील स्टेपान रुडिक यांचे पारितोषिक पार्श्वभूमीतला पायाचा लहानसा भाग काढल्यामुळे रद्द झाले. २०१५ मध्ये तर याच स्पर्धेच्या उपांत्य टप्प्यात पोहोचलेल्या चित्रांपैकी २० टक्के चित्रे फेरफारामुळे बाद करावी लागली. प्रसिद्ध छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरी यांचे उदाहरण मात्र अधिक गुंतागुंतीचे आहे. २०१६ मध्ये इटलीतील प्रदर्शनात त्यांच्या क्यूबातील एका छायाचित्रावरचे फसलेले क्लोनिंग लोकांच्या नजरेस आले, त्यानंतर इतर काही चित्रांतूनही माणसे गायब झाल्याचे दिसून आले, आणि आपण दृश्यांतून कथा सांगणारे आहोत अशी भूमिका त्यांनी घेतली. कथा सांगण्यास हरकत नाही, पण प्रेक्षकाला ते आधी सांगायला हवे होते.

घरगुती आणि व्यावसायिक कामात माझी मोजपट्टी सैल आहे, पण ती सोडून दिलेली नाही. मांडवातला लाइटचा स्टँड, टेबलावरच्या पाण्याच्या बाटल्या, भिंतीवरचा स्विचबोर्ड अवश्य काढावा. आमच्या नात्यातील एका लग्नाच्या अल्बममध्ये मात्र स्टुडिओने समूहचित्रातल्या आजींच्या हातातली काठी न विचारता काढून टाकली. काठी गेली, पण ती धरलेली मूठ तशीच वळलेली राहिली, बोटांवरचा ताणही तसाच राहिला, आणि आजी कशाचा आधार घेऊन उभ्या आहेत हे चित्र पाहणाऱ्याला कळेनासे झाले. गेली कित्येक वर्षे ती काठी त्यांच्यासोबत आहे. माणसाच्या अंगाला लागून असलेली वस्तू काढायची तर ती त्या माणसाला विचारूनच काढली पाहिजे, आणि अशी विचारणा करण्यास एका फोनपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

लाइटरूमच्या बाजूने सांगण्यासारखी मोठी गोष्ट म्हणजे मूळ रॉ फाइलला ते हात लावत नाही. केलेली प्रत्येक दुरुस्ती वेगळी नोंदली जाते आणि वर्षानंतरही एखादी खूण पुसून मूळ दृश्य परत आणता येते. स्पर्धेच्या परीक्षकांनी किंवा संपादकाने मूळ फाइल मागितली तर ती देता येते. ‘कंटेंट क्रेडेन्शियल्स’ नावाची, संपादनाची माहिती फाइलसोबत पाठवण्याची व्यवस्थाही अ‍ॅडोबीने उभी केली आहे. ती स्तुत्य असली तरी अपुरी आहे, कारण अनेक समाजमाध्यमांवर चित्र चढवले की सोबतची माहिती गळून पडते. म्हणून मला चित्राखालची ओळ अधिक भरवशाची वाटते. ‘दोन विजेच्या तारा काढल्या आहेत’ एवढे लिहिल्याने निसर्गचित्राचे सौंदर्य कमी होत नाही.

केवळ खोडण्याच्या सोयीसाठी लाइटरूमचे मासिक शुल्क भरू नये. फोनवरच्या चित्रांसाठी गूगल फोटोजमधील ‘मॅजिक इरेजर’ २०२४ पासून विनामूल्य उपलब्ध आहे आणि घरगुती वापराला ते पुरेसे आहे. रॉ फाइलवर काम करणाऱ्यांनी, मोठ्या संख्येने चित्रे हाताळणाऱ्यांनी आणि मूळ फाइल जपून ठेवण्याची शिस्त असणाऱ्यांनी हे साधन जरूर घ्यावे. वारसास्थळे, वन्यजीव आणि बातम्या यांचे काम करणाऱ्यांनी जनरेटिव्ह चौकट बंद ठेवावी, आणि कधी वेगळ्या कामासाठी ती सुरू केलीच तर पुढची फाइल उघडण्यापूर्वी एकदा पॅनेलकडे नजर टाकावी.